पहिल्या रात्रीचे निवेदन

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या परराष्ट्र धोरण गटात तुला काम मिळाल्याचे वाचून आनंद झाला. पद कनिष्ठ आहे, असे तू जरा खट्टू होऊन लिहिले आहेस. पण जगात कुठे काही पेटते त्या रात्री उमेदवाराच्या नावाने बाहेर पडणाऱ्या निवेदनाचा पहिला मसुदा बहुधा तिशीच्या आतल्या कुणीतरीच लिहिलेला असतो, कारण त्या वेळी वरिष्ठ मंडळी विमानात, सभेत किंवा झोपेत असतात. प्रचार ऐन भरात असताना असे संकट आले तर काय करावे, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी याच मसुद्याच्या बाजूने देणार आहे.

सत्तेबाहेरच्या उमेदवाराकडे सैन्य नसते, राजदूत नसतात आणि बऱ्याचदा ताजी माहितीही नसते. त्याच्याजवळ असतात ते फक्त शब्द. ते ओहायोतल्या मतदारासाठी लिहिलेले असले तरी परक्या राजधान्यांतही त्याच दिवशी वाचले जातात, आणि उमेदवार निवडून आला तर बोललेले निस्तरणे त्याच्याच वाट्याला येते. ही गोष्ट सर्वांना तत्त्वतः ठाऊक असते, पण रात्री अकरा वाजता, प्रतिपक्षाच्या आधी आपले पत्रक वृत्तवाहिन्यांकडे पोचावे म्हणून धावपळ चाललेली असताना, ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

१९६० चा ऑक्टोबर बघ. क्यूबात कॅस्ट्रोंचे राज्य येऊन दोन वर्षेही झालेली नव्हती आणि ‘क्यूबा कुणी घालवला’ हा प्रचारातला कळीचा मुद्दा होता. डेमोक्रॅटिक उमेदवार केनेडींच्या चमूतील रिचर्ड गुडविन या अठ्ठावीस वर्षांच्या साहाय्यकाने एक निवेदन लिहिले. कॅस्ट्रोविरोधी निर्वासितांना अमेरिकेने बळ द्यावे, आजवर सरकारने त्यांना जवळजवळ काहीच मदत केलेली नाही, असा त्याचा आशय होता. केनेडी झोपले होते, त्यांना उठवायचे कुणाच्या मनात आले नाही, आणि निवेदन त्यांच्या नजरेखालून न जाताच बाहेर पडले, असे त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नमूद केले आहे. इकडे प्रतिस्पर्धी उमेदवार, उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पक्के ठाऊक होते की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मार्चमध्येच कॅस्ट्रोंना उलथवण्याच्या गुप्त योजनेला मंजुरी दिली असून ग्वाटेमालात निर्वासितांचे प्रशिक्षण चालू आहे. ते गुपित राखायचे म्हणून निक्सन यांनी २१ ऑक्टोबरच्या चौथ्या वादसभेत, जी योजना आतून त्यांना स्वतःला हवी होती, तिच्यावरच धोकादायक आणि बेजबाबदार म्हणून तोंडसुख घेतले. एका उमेदवाराने न वाचलेले निवेदन आणि दुसऱ्याला स्वतःलाच न पटलेले भाषण, असा तो सामना होता. सहा महिन्यांनी, १९६१ च्या एप्रिलमध्ये, सुमारे चौदाशे निर्वासित क्यूबातील बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरले आणि तीन दिवसांत त्यांचा धुव्वा उडाला. त्या मोहिमेचे कारण हे निवेदन होते असे मी म्हणणार नाही, योजना आधीचीच होती. परंतु निवडणुकीत ज्याने मदत न दिल्याचा ठपका ठेवला, त्याला सत्तेवर आल्यावर तीच मदत थांबवणे किती अवघड गेले असेल, याचा विचार कर. म्हणून तुला माझे पहिले सांगणे अगदी साधे आहे: झोपलेल्या उमेदवाराला उठवावे.

दुसरे उदाहरण तुझ्या आठवणीतले असेल. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कैरोतील अमेरिकी दूतावासावर जमाव चालून गेला आणि त्याच रात्री लिबियात बेनगाझीच्या कार्यालयावर हल्ला झाला. २००१ च्या हल्ल्यांचा स्मृतिदिन असल्याने त्या दिवशी परस्परांवर टीका करायची नाही, असा दोन्ही बाजूंचा संकेत होता. म्हणून रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांच्या चमूने निवेदन मध्यरात्रीपर्यंत रोखून ठेवण्याच्या अटीवर पत्रकारांना दिले, आणि मग तेवढाही धीर न धरवून साडेदहाच्या सुमारास ती अट उठवली. ओबामा प्रशासनाची पहिली प्रतिक्रिया हल्ल्याचा निषेध करण्याची नसून हल्लेखोरांविषयी सहानुभूती दाखवण्याची होती, असा त्यात आरोप होता. ज्या पत्रकावर तो आधारलेला होता, ते मात्र कैरो दूतावासाने जमाव भिंतीवर चढण्याच्या कित्येक तास आधी काढले होते. आणि निवेदन बाहेर पडले तेव्हा बेनगाझीत पहाटेचे साडेचार वाजत होते. राजदूत क्रिस स्टीव्हन्स यांच्या मृत्यूची घोषणा झालेली नव्हती, आणि ज्या तोफगोळ्यांच्या माऱ्यात आणखी दोघे अमेरिकन मरण पावले तो मारा अजून व्हायचा होता. घटना संपण्यापूर्वीच तिचा निवाडा झाला. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

यातली खरी हानी पुढची आहे. त्यानंतरच्या दिवसांत हल्ला कसा घडला याबद्दल प्रशासनाने जे सांगितले त्यात बदल होत गेले, आणि तेथील सुरक्षा अपुरी का होती हा प्रश्न तर पूर्णपणे रास्त होता. विरोधी उमेदवाराने तो ठामपणे विचारायलाच हवा होता. परंतु पहिल्या रात्रीच्या घाईने रॉम्नी यांची पत एवढी खाली आली होती की ओबामा त्यांना ‘आधी गोळी, मग नेम’ म्हणून मोकळे झाले, आणि १६ ऑक्टोबरच्या वादसभेत नेमक्या याच विषयावर सूत्रसंचालिकेने त्यांना सर्वांसमक्ष दुरुस्त केले. म्हणून मसुदा लिहिताना प्रत्येक वाक्याशेजारी ते कोणत्या वेळेपर्यंतच्या माहितीवर उभे आहे ते लिहून ठेव, आणि वेळ लिहिताना घटनास्थळाची वेळही लिही.

याचा अर्थ गप्प बसणे हेच शहाणपण, असा घेऊ नकोस. २००८ च्या ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात युद्ध भडकले तेव्हा ओबामा हवाईत सुट्टीवर होते. दोन्ही बाजूंनी संयम राखावा, हे त्यांचे पहिले निवेदन बेतशीर असले तरी फिके वाटले आणि काही दिवसांतच त्यांना सूर चढवावा लागला. त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी मात्र पहिल्यापासून रशियाला धारेवर धरले आणि ‘आज आपण सारे जॉर्जियन आहोत’ असे जाहीर केले. पुढच्या काळातल्या घटना पाहता रशियाविषयीचे त्यांचे निदान अधिक अचूक होते, असे माझे मत आहे. तरीही ज्या देशासाठी अमेरिका लढणार नव्हती त्या देशाला असा शब्द देताना तो कशाच्या बळावर दिला, हे कुणी विचारले असते तर उत्तर नव्हते. शिवाय त्यांच्या प्रमुख सल्लागारांपैकी एकाने पूर्वी जॉर्जियाच्या सरकारसाठी पैसे घेऊन वशिलेबाजी केलेली होती, हे लगेच बाहेर आले. आपल्या खोलीत कुणाचे हितसंबंध कुठे गुंतलेले आहेत, हे संकटाच्या आधी माहीत करून घे.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ओबामा निवडून आलेले होते, पण बुश अजून पदावर होते. ‘एका वेळी एकच राष्ट्राध्यक्ष’ ही भूमिका घेऊन ओबामांनी मनमोहन सिंग यांना दूरध्वनी करून सांत्वन केले, हल्ल्याचा निषेध केला आणि पाकिस्तानशी काय करावे हे पदावरच्या माणसावर सोडले. आपल्याकडे तेव्हा ते अनेकांना मिळमिळीत वाटले. मला तेच योग्य वाटते.

पदावर असलेल्या उमेदवाराची गोष्ट निराळी, त्याच्याकडे सत्ता असते म्हणून त्याच्या प्रत्येक कृतीवर संशय येतो. १ एप्रिल १९८० रोजी, विस्कॉन्सिन राज्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक मतदानाच्या दिवशी सकाळी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी इराणमधील अमेरिकी ओलिसांबाबत आशादायक बातमी दिली. ती फोल ठरली आणि त्यानंतर त्यांच्या खऱ्या प्रयत्नांवरही लोकांनी विश्वास ठेवणे कमी केले. तुझा उमेदवार पदावर नाही, तेव्हा यावर अधिक लिहीत नाही.

उमेदवाराने न बोलण्याचे जे मोठे उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगत असे, ते १९४४ चे. रूझवेल्ट प्रशासनाला पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वीच जपानी सांकेतिक संदेश उलगडता येत होते, हे रिपब्लिकन उमेदवार ड्यूई यांना कळले होते, आणि प्रचारात ते उघड केले असते तर खळबळ माजली असती. सप्टेंबरमध्ये सेनाप्रमुख मार्शल यांनी साध्या वेशातील एका कर्नलला पत्र देऊन ड्यूई यांच्याकडे टल्साला पाठवले. वाचण्याआधी गुप्ततेचे वचन द्यावे, अशी अट होती. ड्यूई यांनी सुरुवातीचा मजकूर वाचून ते परत केले. पुढे आल्बनीला सैल अटींसह दुसरे पत्र आले, त्यात मार्शल यांनी सांगितले होते की जपानी आजही तीच पद्धत वापरत आहेत आणि ती उघड झाल्यास सैनिकांचे प्राण जातील. हा रूझवेल्टांचाच डाव असावा असा ड्यूई यांना संशय होता. तरीही ते बोलले नाहीत, आणि नोव्हेंबरात हरले.

याच्या अगदी उलट टोक १९६८ चे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबरला उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिएऊ यांनी पॅरिसच्या वाटाघाटींना येण्यास नकार दिला. रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्या बाजूने, त्या पक्षासाठी निधी गोळा करणाऱ्या अ‍ॅना शेनॉल्ट, दक्षिण व्हिएतनामच्या राजदूतामार्फत ‘थांबा’ असा निरोप पोचवत होत्या, हे जॉन्सन यांना चोरून ऐकलेल्या संभाषणांवरून समजले होते, पण ते जाहीर करणे त्यांना शक्य झाले नाही. निक्सन सुमारे पाच लाख मतांनी जिंकले आणि आयुष्यभर इन्कार करत राहिले. त्यांच्या साहाय्यकाने, हाल्डमन यांनी, हाताने लिहिलेली टिपणे २०१७ च्या सुमारास प्रकाशात आली, तेव्हा निक्सन यांच्याच सूचना उघड झाल्या.

खाजगी नागरिकाने परक्या सरकारशी अमेरिकेच्या वादाबाबत परस्पर बोलणी करू नयेत, असा लोगन कायदा १७९९ पासून आहे. त्याखाली आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही, आणि म्हणून तुझे सहकारी त्याला हसतील. तू हसू नकोस. एखाद्या दूतावासातला कुणी कॉफीला बोलावेल, ‘तुमच्या उमेदवाराचे मन आम्हाला कळले तर बरे’ असे सहज म्हणेल. त्या दिवशी त्याचे नाव, वेळ आणि बोललेला मजकूर लिहून मोहिमेच्या वकिलाकडे दे आणि उत्तर देऊ नकोस.

पुढचे पत्र सवडीने लिही. प्रकृतीस जप.

कळावे,
तुझे सर