कधी, ते आधी विचार

प्रिय,

उंदरांवरच्या पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) प्रयोगाबद्दलची तुझी मेल परवा रात्री वाचली. एका बॅचमध्ये मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, औषधाने काढून टाकल्यावर डोपामिनच्या पेशी वाचल्या, दुसऱ्या बॅचमध्ये उलट जास्त मेल्या. गाईड म्हणतात, एक बॅच बाजूला ठेव आणि पेपर लिहायला घे. आणि तू मला विचारतेस, 'मॅडम, मग मायक्रोग्लिया चांगल्या की वाईट?' खरं सांगते, राग आला. अगं, कधी? डोपामिनच्या पेशी मारणारं ते विष, एमपीटीपी, देण्याआधी काढल्यास की नंतर? उंदीर कितव्या दिवशी सॅक्रिफाइस केलेस? मेलमध्ये एवढे ग्राफ जोडलेस, एकावरही दिवस लिहिलेला नाही.

1988 साली मॅकगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत चेतलेल्या मायक्रोग्लिया दाखवल्या, तेव्हापासून हा वाद चालू आहे. पाषाणला माझ्या टेबलापाशी बसून तू अशाच एका रुग्णाच्या मेंदूची स्लाइड पाहिली होतीस. निरोगी मेंदूत सबस्टॅन्शिया नायग्राचा, म्हणजे डोपामिनच्या पेशींच्या जागेचा, काळा पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसतो, रुग्णात तो फिकट पडतो. लेन्सखाली दिसतं मेलेल्या पेशींतून सांडलेलं न्यूरोमेलॅनिन हे काळं रंगद्रव्य, आणि ते काळे कण पोटात घेऊन बसलेली फुगीर मायक्रोग्लिया. तिने पेशी मारली, की मेल्यावर आवरायला आली? स्लाइडवरून कळणार नाही, कारण ती आजाराच्या अगदी शेवटच्या दिवसाची आहे. पुढे 1999 मध्ये लँगस्टन यांनी नशेच्या द्रव्यातून एमपीटीपी शरीरात गेलेल्या तिघांचे मेंदू तपासले. विष जाऊन वर्षं लोटली होती, तरी मायक्रोग्लिया चेतलेल्याच. म्हणजे सुरुवात कशानेही होवो, चेतलेल्या मायक्रोग्लियांचा हा दाह नंतर स्वतःच्या बळावर चालू राहू शकतो. सुरू करणारा आणि चालू ठेवणारा वेगळा असू शकतो, हे तुझ्या डिस्कशनमध्ये कुठेच नाही.

रक्तातल्या रोगप्रतिकारक टी-पेशींचंही तेच. रुग्णांच्या टी-पेशी अल्फा-सिन्युक्लिनचे, म्हणजे या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे, तुकडे ओळखतात, हे 2017 मध्ये पुढे आलं आणि सगळे त्यावर तुटून पडले. मला महत्त्वाचा वाटतो तो 2020 चा पुढचा भाग: हा प्रतिसाद निदानाच्या आसपास जोरात असतो आणि नंतर ओसरत जातो. दहा वर्षं आजार असलेल्यांचंच रक्त घेतलं असतं, तर 'टी-पेशींचा संबंध नाही' असं बेधडक लिहून मोकळे झालो असतो. झोपेत हातपाय झाडणं हे या आजाराचं आधीचं लक्षण असू शकतं; अशा, अजून कंप नसलेल्या माणसांच्या स्कॅनमध्येसुद्धा त्या काळ्या पट्ट्याच्या जागी मायक्रोग्लिया चेतलेल्या दिसल्या आहेत. म्हणून कधी, कधी, कधी. कंटाळलीस तरी चालेल.

ओपीडीच्या बाकावर बसून मी नातेवाइकांना हेच विचारत असे. सदाशिव पेठेतल्या एक काकू म्हणाल्या, यांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो. वास जाणं हे बऱ्याचदा कंपाच्या आधीचं लक्षण, म्हणून वास कधीपासून येत नाही असं विचारलं, तर थांबल्या. मग म्हणाल्या, फोडणीत हिंग पडला की हे आतून हाक मारायचे, ते बंद झालं मुलीच्या लग्नाच्या आधी. आणि मी हे विचारत होते तेव्हा त्या मुलीचा मुलगा शाळेत जात होता. सही इतकी बारीक झाली होती की बँकेने चेक परत पाठवला, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे आले.

हे सगळं मी वर्षानुवर्षं टिपलं, त्याच माणसांचं रक्त पुन्हापुन्हा घेतलं. निधी देणाऱ्या एका समितीने 'नुसती वर्णनं' म्हणून प्रस्ताव परत केला. लोक म्हणाले, एवढ्या वेळात दहा पेपर झाले असते. झाले असते. पण त्यातल्या प्रत्येकात एकाच दिवसाचं रक्त असतं आणि त्यावरून मी आजाराचं कारण सांगितलं असतं. तो हट्ट मी आजही सोडणार नाही. हळहळ एकाच गोष्टीची आहे: वास गेलेली, पण हात अजून स्थिर असलेली माणसं मला पुरेशी मिळाली नाहीत. तुला मिळतील. पुण्यात आता स्लीप क्लिनिक आहेत, झोपेत हातपाय झाडणारी माणसं तिथे येतात; तिथे जा.

आणि औषधं चालत नाहीत म्हणून निराश होऊ नकोस. एक्सेनाटाइड या मधुमेहाच्या, दाहही कमी करू शकणाऱ्या औषधाने 2017 मध्ये आशा दाखवली, 2025 च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्याची कारणं अनेक असतील. पण एक बघ, या माणसांना औषध मिळालं ते निदानानंतर, डोपामिनच्या पेशींचा मोठा हिस्सा गेल्यावर. त्यावरून 'दाहाचा संबंध नाही' म्हणणारे आणि तुझ्या एका बॅचवरून 'दाहच कारण' म्हणणारे, दोघेही सारखीच घाई करतात.

मेलच्या शेवटी आजोबांबद्दल विचारलंस. त्यांना ती दाह कमी करणारी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस. जठर आणि मूत्रपिंड त्यांचं आहे. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचार.

गाईडशी भांडू नकोस, पण बॅच टाकूही नकोस. तुझ्या दोन्ही बॅच बहुधा खऱ्या आहेत, वेगवेगळ्या दिवसांच्या. मायक्रोग्लिया काढणारं औषध कधी सुरू केलं, एमपीटीपी कधी दिलं, उंदीर कधी सॅक्रिफाइस केले, हे दोन्ही बॅचसाठी एका कागदावर लिहून सोमवारपर्यंत पाठव. अ‍ॅनिमल हाउसच्या रजिस्टरवरून लिही, आठवणीवर विसंबू नकोस.

तुझी,
मॅडम