जुना आवाज आणि उतरलेला तंबोरा

‘घरचे ध्वनिमुद्रण’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी मिरजेला राहतो आणि घरीच संगणकावर जुन्या वळणाची भावगीते मुद्रित करतो. गळा, पेटी, तबला, डग्गा, बासरी आणि ॲपवरचा तंबोरा असे सहा ट्रॅक असतात. १९४०-५०च्या तबकडीसारखा आवाज यावा म्हणून ‘आरसी-२० रेट्रो कलर’ हे प्लगइन (मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा, आवाज बदलणारा छोटा प्रोग्राम) घेतले आणि प्रत्येक ट्रॅकवर त्यातला एकेक तयार प्रीसेट लावला. आवाज जुना झाला खरा, पण गाणे बेसूर वाटू लागले आणि खरखरही फार वाढली. प्लगइनमध्ये दोष आहे की माझेच काही चुकते आहे?

उत्तर : प्लगइनमध्ये दोष नाही. आपण एक गाणे सहा वेगवेगळ्या तबकड्यांवर मुद्रित करून सहा ग्रामोफोनवर एकदम वाजवलेत, असा आपल्या कृतीचा अर्थ होतो, आणि तसे खरोखरच केले असते तरी गाणे असेच ऐकू आले असते.

तबकडीचा सूर का हलतो, हे आधी पाहू. तबकडीचे भोक नेमके मध्यावर नसले की खाच सुईखालून कधी थोडी भरभर तर कधी थोडी सावकाश जाते. सुई मध्यापासून १० सेंटीमीटरवर असताना भोक केवळ १ मिलिमीटर सरकलेले असेल, तर वेग एक टक्क्याने वरखाली होतो, म्हणजे प्रत्येक स्वर सुमारे १७ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढतो आणि तितकाच उतरतो. आपली प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधले सर्वांत लहान अंतर, सुमारे २२ सेंटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही हालचाल किती मोठी आहे ते कळेल. गाणे संपत येऊन सुई मध्यापासून ६ सेंटीमीटरवर आली की तेच १ मिलिमीटर २९ सेंटचे होते, म्हणजे श्रुतीच्याही पुढे जाते. तरीही जुन्या तबकड्या आपल्याला बेसूर वाटत नाहीत, कारण गायकाचा षड्ज आणि पेटीचा षड्ज एकाच क्षणी, एकाच अंतराने हलतात. त्यांचे आपापसातले नाते कायम राहते आणि कान तेवढ्यावर समाधान मानतो.

आपल्या सहा ट्रॅकवर मात्र प्लगइनच्या सहा प्रती आपापल्या चालीने हलत आहेत. पेटी चढते तेव्हा तंबोरा उतरलेला असतो आणि बासरी मधेच कुठेतरी असते. गळ्यात आणि बासरीत मींड असल्यामुळे तिथे हे थोडे झाकले जाते, पण तंबोऱ्याला लपायला जागा नसते. ही चूक मीही केलेली आहे. मी तंबोऱ्याच्या ट्रॅकवर ‘वॉबल’ (प्लगइनमधला सूर हलवणारा विभाग) लावून ठेवले होते, आणि हेडफोन लावून गायला बसलेल्या एका ज्येष्ठ गायिकेने पहिल्या आलापातच थांबून सांगितले, “तंबोरा उतरलाय, आधी मिळवून घ्या.” तंबोरा इलेक्ट्रॉनिक होता, त्यामुळे तो उतरणे शक्य नाही असे मी त्यांना ठामपणे सांगितले, आणि पुढच्याच मिनिटाला माझे मला कळले.

खरखरीचे गणितही असेच आहे. सहा ट्रॅकवर सारख्या पातळीची सहा स्वतंत्र खरखर लावली की त्यांची बेरीज एकापेक्षा जवळजवळ ८ डेसिबलने मोठी होते. प्रत्येक ट्रॅक सुटा ऐकताना सगळे बेताचे वाटते आणि एकत्र ऐकताना भजी तळल्यासारखा आवाज येतो, तो यामुळे.

तेव्हा सहाही प्रती काढून टाकाव्यात आणि सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टरवर एकच प्रत लावावी. त्याहीआधी गाणे मोनो करावे, कारण ७८ फेऱ्यांची तबकडी मोनोच असे, आणि डाव्या कानात बासरी, उजव्या कानात पेटी अशी मांडणी करून वर तबकडीची खरखर पसरली तर काळाचा मेळ बसत नाही. आरसी-२०मध्ये नॉइज, वॉबल, डिस्टॉर्ट, डिजिटल, स्पेस आणि मॅग्नेटिक असे सहा विभाग आहेत. आपल्या कामासाठी त्यांतला ‘डिजिटल’ सरळ बंद ठेवावा. नमुन्यांची आणि बिटांची संख्या कमी करून आवाज खरबरीत करणे हे त्याचे काम, आणि त्याचे मूळ १९८०च्या दशकातल्या सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या, यंत्रांत आहे. १९८७चे ‘एसपी-१२००’ हे त्यांतले नावाजलेले यंत्र १२ बिटांचे होते आणि सेकंदाला सुमारे २६,००० नमुने घेत असे. हिप-हॉपला तो रंग शोभतो; पेटीवर तो चढला की पेटी खेळण्यातली वाटते. ‘मॅग्नेटिक’ हा विभाग झिजलेल्या फितीचा आहे, त्यामुळे तबकडीची नक्कल करताना त्याचीही गरज नाही. ‘डिस्टॉर्ट’ अगदी जपून वापरावा. एकत्र केलेल्या गाण्यावर तो जास्त चढवला की दोन स्वरांच्या मिश्रणातून तिसरेच स्वर निर्माण होतात, जे आपल्या रागात असतीलच असे नाही, आणि पेटीचे दोन सूर एकदम दाबलेले असतील तर हा गढूळपणा लगेच ऐकू येतो. घुमार देणारा ‘स्पेस’ सोडला, तर उरले ‘नॉइज’ आणि ‘वॉबल’. खरखर गाण्याच्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा सुमारे ४० डेसिबल खाली ठेवावी, असे माझ्या कानाचे मत आहे. ती गाण्याच्या दोन सेकंद आधी सुरू व्हावी आणि शेवटचा सूर विरल्यावर थोडा वेळ राहावी, कारण सुई गाण्याबरोबर उठत नाही. वरच्या आणि खालच्या पट्ट्या कापणारा फिल्टर मात्र सर्वांत शेवटी असावा. खऱ्या यंत्रात गाणे आणि खरखर दोन्ही एकाच कर्ण्यातून बाहेर पडत असत. बंदिस्त गाण्यावर चकचकीत, उघडी खरखर ऐकू आली की नक्कल पकडली जाते.

आता न विचारलेली एक गोष्ट सांगतो. तबकडीच्या जुनेपणाचा मोठा भाग प्लगइन लावण्याच्या आधीच ठरलेला असतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत, त्यामुळे वाद्यमेळाचे तुकडे आखूड असत आणि गायक मुखडा घोळवत बसत नसे. बहुतेक वेळा सगळे एकाच मायक्रोफोनभोवती बसत आणि आवाजाची पातळी माणसे पुढेमागे सरकवून साधत. एकदा तसे करून पाहावे : गायक मायक्रोफोनपासून दोन वितींवर, पेटी त्याच्या बाजूला, तबला हातभर मागे, आणि गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. तबल्याचा जो थोडा आवाज गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि एरवी आपण दोष मानतो, तोच इथे हवा असतो, आणि तो सहा सुट्या ट्रॅकवर कोणतेही प्लगइन लावून येत नाही.

प्रश्न : ‘आयझोटोप’चे ‘विनाइल’ हे मोफत प्लगइन मी वापरते. त्यात १९३० साल निवडले की आवाज टेलिफोनसारखा होतो. तेव्हाच्या तबकड्या खरोखर अशा वाजत होत्या का? आणि ‘स्क्रॅच’ वाढवला की गाण्याची लय बिघडल्यासारखी का वाटते? (नाशिक)

उत्तर : सालाचे ते बटण मुख्यतः एक फिल्टर आहे, जितके मागचे साल, तितकी आवाजाची पट्टी अरुंद. १९२५पूर्वी मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन मुद्रण होई, तेव्हा तबकडीवर साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढेच उतरत असे, आणि त्याला टेलिफोन म्हटले तरी चालेल. विजेवरचे मुद्रण आल्यावर ही पट्टी बरीच रुंदावली. म्हणून १९३०चे साल निवडल्यावर येणारा आवाज मला तबकडीपेक्षा आपल्या आठवणीशी अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्यापैकी फार थोड्यांनी १९४०ची तबकडी चांगल्या यंत्रावर ऐकली आहे. बहुतेकांनी ती आकाशवाणीवरून ऐकली, आणि मध्यम लहरींवर केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असल्यामुळे सुमारे साडेचार हजार हर्ट्झच्या वरचा आवाज तिथे गळून पडतो. पुढे कोणीतरी ते कॅसेटवर उतरवून घेतले आणि आपल्या लहानपणात ती कॅसेट वाजत राहिली. तेव्हा साल निवडण्याआधी आपल्याला तबकडी हवी आहे, रेडिओ हवा आहे की आजोळची कॅसेट, हे ठरवावे. तिन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत, आणि सगळ्या एकदम लावल्या तर कशाचाच भास होत नाही.

लयीबद्दलचे आपले निरीक्षण अचूक आहे. धुळीची खरखर कशीही, अनियमित येते. ओरखडा मात्र तबकडीच्या प्रत्येक फेरीत त्याच जागी सुईखाली येतो. ७८ फेऱ्यांची निवड केली तर मिनिटाला ७८ टकटक. आपले गाणे मिनिटाला ८० मात्रांचे असेल, तर ही टकटक ठेक्याच्या अगदी जवळून चालते, दर ओळीला थोडी मागे पडते, आणि कच्चा तबलजी बरोबर बसला आहे असे वाटू लागते. प्लगइनमधला ओरखडाही असाच फेरीशी बांधलेला ऐकू येत असेल, तर तो शून्यावर आणावा आणि ‘डस्ट’वर भागवावे. गाणे एमपी-थ्री करून पाठवणार असाल तर तीही पातळी जरा कमी करावी, कारण कमी बिटरेटवर खरखर नीट साठवली जात नाही आणि पाण्यात बुडबुडे आल्यासारखी ऐकू येते.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांचा चालू स्थितीतला कॅसेट डेक आहे. प्लगइन घ्यावे की गाणे थेट त्यावर मुद्रित करून परत संगणकात घ्यावे? (ठाणे)

उत्तर : डेक असताना प्लगइनसाठी पैसे खर्च करू नयेत. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, तर स्टुडिओतल्या मोठ्या रिळांचा नेहमीचा वेग ३८ सेंटीमीटर, म्हणजे आठपट असे. कॅसेटची सळसळ, मंद झालेली वरची पट्टी आणि किंचित थरथर यांचे मूळ मुख्यतः या संथ चालीत आहे. आधी हेड आणि रबरी रोलर स्वच्छ करावेत. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा पुरतो. मग मुद्रणाची पातळी एरवीपेक्षा थोडी चढी ठेवावी, कारण फीत भरत आली की आवाजाची टोके कापली न जाता दबतात, आणि लोक ज्याला उबदार म्हणतात तो आवाज बराचसा हाच असतो.

पूर्ण झालेले गाणेच डेकवर न्यावे, सुटे ट्रॅक नेऊ नयेत. डेकचा वेग अर्ध्या टक्क्याने चुकला तरी तीन मिनिटांच्या गाण्यात ०.९ सेकंदाचा फरक पडतो, आणि मग तो ट्रॅक बाकीच्यांशी जुळत नाही.

पुढेमागे डेकचा पट्टा तुटला आणि नवा मिळाला नाही, तर ‘चाऊ टेप मॉडेल’ हे मोफत प्लगइन जरूर पाहावे. त्याची सुरुवात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका प्रकल्पातून झाली आणि त्यासाठी सोनीच्या ‘टीसी-२६०’ या रिळांच्या टेपरेकॉर्डरचा अभ्यास केला गेला. फितीवरचे चुंबकीय कण आधीच्या अवस्थेची आठवण धरून ठेवतात, त्यामुळे येणारा प्रत्येक आवाज त्याच्या आधीच्या आवाजावर अवलंबून असतो. हे हिस्टेरिसिस त्यात गणिताने मांडले आहे. त्याची बटणे पहिल्यांदा डोके खातात. ‘ड्राइव्ह’ आणि ‘सॅच्युरेशन’ एवढीच दोन हलवून सुरुवात करावी.

प्रश्न : आजीच्या आवाजातल्या ओव्यांची १९८२ची कॅसेट आहे. ही प्लगइने उलटी वापरून ती स्वच्छ करता येईल का? (बेळगाव)

उत्तर : नाही. खरखर मिसळणे सोपे असते, मिसळलेली वेगळी काढण्यासाठी निराळी सॉफ्टवेअरे लागतात, आणि तीही खरखरीबरोबर आवाजाचा थोडा भाग घेऊन जातात. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, डेकवरचे डॉल्बीचे (फितीची सळसळ कमी करणारे) बटण मूळ मुद्रणाच्या वेळी होते तसेच ठेवावे आणि २४ बिटांची वेव्ह फाइल करून दोन ठिकाणी जपून ठेवावी. त्या फाइलला पुन्हा हात लावू नये. स्वच्छतेचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत.