पहिली लघवी बघितल्याशिवाय घरी सोडू नकोस

प्रिय बाय,

गोव्यात सासष्टीतल्या आरोग्य केंद्रात रुजू झालीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास तो दंगलीतले जखमी कसे बघायचे, हा. बरं केलंस. वाहतं रक्त सगळ्यांनाच दिसतं. जखम दाबून धरायची, हातापायाचं थांबेना तर जखमेच्या वर चार बोटांवर टुर्निके, म्हणजे रक्त थांबवणारी पट्टी, आवळायची, सांध्यावर नाही, आणि वेळ लिहायची. आपण फसतो ते स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या माणसापाशी.

मांड्या, कुल्ले, पाठ लाठीने सुजलेली; कातडी शाबूत, हाडही धड. गर्दीत अशाला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचून वाटेला लावतात. ठेचलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात साचतं, त्यात हे इंजेक्शन तिथला रक्तपुरवठा आणखी कमी करतं. म्हणून लघवी भांड्यात घे. कोऱ्या चहासारखी असेल, लघवी तपासायची पट्टी रक्त दाखवत असेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नसतील, तर नॉर्मल सलाईन लाव: धडधाकट माणसाला पहिल्या तासात 1 लिटर, पुढे लघवी तासाला 200 ते 300 मिली होईल इतकं. हृदय दुबळं असेल तर हात आखडता ठेव. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. दुखण्याला पॅरासिटामॉल. ईसीजीत टी लाटा टोकदार दिसल्या, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम वाढल्याची खूण दिसली, तर 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, मॉनिटर बघत सावकाश. मग डायलिसिसची सोय बघ. लघवी स्वच्छ आली तरी ‘गडद झाली किंवा कमी झाली तर परत या’ हे घरच्यांनाही सांग.

डोक्याला मार असेल तर पहिले 2 तास दर अर्ध्या तासाने शुद्ध आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपास. फेणीचा वास येतो म्हणून गुंगी दारूचीच, असं धरून चालू नकोस.

अश्रुधूर लागलेल्याला आत घेऊ नकोस. उघड्यावर कपडे उतरव, डोळे 10 ते 15 मिनिटं पाण्याने धू. कपड्यांवरची पूड बंद रुग्णवाहिकेत चालकाचेही डोळे झोंबवते.

पोलीस येईपर्यंत उपचार अडवायचे नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच ते सांगितलं आहे. नोंदीत जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग लिही. मारलं कुणी, ते रुग्णाच्या शब्दांत. तुझा तर्क नको.

आता रस्ता. 1986च्या भाषा आंदोलनात दक्षिण गोव्यातले रस्ते अडले होते, तसे पुन्हा अडू शकतात. झुवारी नदीवरचा पूल बंद असेल तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बोरी, फोंडा, बाणस्तारीवरून जायचं. लांब पडतं, म्हणून डोक्याला मार लागलेला रुग्ण आधी काढ. इंटरनेट बंद झालं की ईसीजीचा फोटो वरिष्ठांना जात नाही, तेव्हा लँडलाइनचे नंबर भिंतीवर हवेत. शेजारीच डायलिसिसवाल्यांची आणि दिवस भरत आलेल्या बायकांची यादी. दगड न लागताही अडकतात ती हीच माणसं. बंदची हाक आली की आदल्या संध्याकाळीच त्यांना मडगावला हलव.

आणि ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांध. ऐन वेळी ती कुणाच्या तरी खिशात असते.

— सर