ओटीपी पुण्यात, आई सांगलीत

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 46, नोकरी पुण्यात. आई 74 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन महिना 34 हजार. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आईच्या नावावर 40 लाखांच्या ठेवी होत्या, त्यातले सहा लाख एका पतसंस्थेत. बँकेतल्या एका साहेबांनी 'गॅरंटीड' योजना सुचवली: सात वर्षं पाच-पाच लाख भरायचे आणि दहाव्या वर्षापासून दहा वर्षं सहा-सहा लाख घ्यायचे. आईचं वय बसत नाही म्हणून पॉलिसी मुलाच्या नावावर. पहिला हप्ता आईच्या ठेवीतून गेला, कागद गेल्या आठवड्यात हातात आले. प्रश्न एवढाच, 'सर, पुढच्या हप्त्यांसाठी बाकीच्या ठेवी आताच मोडू की मुदत संपेल तशा?'

एकही मोडू नका.

35 लाख भरून 60 लाख मिळणार म्हणजे 'जवळपास दुप्पट', असं साहेब म्हणाले असतील. वर्षांचा हिशोब घाला, पाच टक्केसुद्धा पडत नाहीत. शिवाय पैसे आईचे आणि पहिले सहा लाख येतील तेव्हा आई 84 वर्षांची. मधल्या काळात तुमचं काही बरंवाईट झालं, तर रक्कम नॉमिनीला, म्हणजे तुमच्या पत्नीला. 40 लाख साठवलेल्या बाईला या योजनेत जागाच नाही. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, किरकोळ कापून पैसे परत येतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. साहेब फोन करून 'सर, एकदा भेटूया' म्हणतील. भेटू नका.

तुमचा प्रश्न इथे संपला. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज तीन ओळी लिहिल्यात. मी त्या चार वेळा वाचल्या.

'घराचं टेन्शन नाही, मागच्या दिवाळीत आईने बक्षीसपत्र करून दिलं, 200 रुपये स्टॅम्पमध्ये काम झालं. खात्याला माझाच मोबाइल नंबर आहे, एटीएमही माझ्याकडे असतं, तिला कशाला त्रास. तिला हल्ली पैसे लागतात तरी कशाला, दूध, औषधं आणि गुरुवारी रिक्षा.'

मागे आष्ट्याचे एक आजोबा माझ्याकडे आले होते, माजी सैनिक. पासबुक चितळ्यांच्या दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं. नोंदी सरळ होत्या: दर महिन्याला पेन्शन जमा, दुसऱ्या दिवशी एटीएममधून दहा हजार, लगेच आणखी दहा हजार. कार्ड नातवाकडे. आजोबांची तक्रार नव्हतीच, पोरगा चांगला आहे म्हणाले. फक्त पासबुक माझ्यापुढे सरकवून विचारलं, 'ह्यातलं माझं किती, तेवढं सांगा.'

तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या नातवाचाही सुरुवातीला नसेल. पण आज तुमच्या आईंच्या खात्याचा ओटीपी पुण्यात वाजतो, कार्ड पुण्यात आहे, पाच लाख तुमच्या नावाच्या पॉलिसीत गेलेत आणि घरही तुमचं. मिरजेला राहणाऱ्या बहिणीला यातलं काय माहीत आहे, ते पत्रात नाही. उद्या तुमची नोकरी गेली, कर्ज थकलं किंवा घरात वाद झाला, तर त्या माउलीने कुणाच्या दारात जायचं?

कायदा आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून परत मागता येते. कळीचा शब्द 'अट'. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अशी अट असायलाच हवी असं म्हटलं; जानेवारी 2025 च्या दुसऱ्या एका निकालात ज्येष्ठांच्या बाजूने बराच उदार अर्थ लावला. तुमचा कागद काढून बघा. 'स्वखुशीने, प्रेमापोटी व विनामोबदला' एवढंच असेल, तर आई कमकुवत बाजूला आहेत. आणि मुळात 75 व्या वर्षी पोटच्या पोरावर प्रांत कार्यालयात अर्ज करणाऱ्या आया किती बघितल्यात तुम्ही?

मृत्युपत्राने हेच काम झालं असतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही आणि मन बदललं तर दुसरं करता येतं. ज्या कुणी 'आत्ताच करून घ्या, नंतर बहीण भांडेल' असा सल्ला दिला, त्याने तुमचं काम केलं, आईंचं नाही. घर आता परत आईच्या नावावर करायचं तर 200 रुपयांची ती सवलत उलट्या दिशेने नाही, शुल्क भरावं लागेल. ते जड वाटत असेल तर निदान आईंचा त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क नोंदणीकृत कागदावर आणा. वकील त्यांचा स्वतंत्र असू द्या, आणि तो त्यांच्याशी बोलेल तेव्हा तुम्ही बाहेर बसा.

बँकेत मोबाइल नंबर आईंचा लावा. साधा बटणांचा फोन पुरतो, मेसेज त्यांना वाचता येतो, त्या शिक्षिका होत्या. कार्ड त्यांच्या कपाटात. तुमचं नाव खात्यात हवंच असेल तर 'आयदर', म्हणजे दोघांपैकी कुणाचीही सही चालते ते, नको; 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' लावा, म्हणजे त्या असेपर्यंत सही त्यांचीच. दर महिन्याचं स्टेटमेंट बहिणीलाही जाऊ द्या. तुम्हाला थोडं झोंबेल, पण उद्या संशय आला तर तोच कागद तुम्हाला वाचवेल.

आता पैसे. पाच लाख परत आले आणि ठेवींची मुदत संपत गेली की 30 लाख पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, 8.2 टक्क्यांनी. दर तिमाहीला 61,500, आईंच्या खात्यात. उरलेले दोन बँकांत पाच-पाच लाख, बँक बुडाली तर ठेवीला विमा तेवढ्यालाच असतो. त्या पतसंस्थेतले सहा लाख साडेनऊ टक्क्यांच्या मोहात ठेवलेत, तिथे तोही विमा नाही. मुदत संपली की काढा. 'माझ्या नावावर घेतले तर कर वाचेल' असंही तुम्ही लिहिलंय, ते कुणी सांगितलं? पेन्शन आणि व्याज मिळून आईंचं उत्पन्न सात-साडेसात लाख, नव्या कररचनेत कर शून्य. तेच व्याज तुमच्या नावावर आलं आणि तुमचा पगार कराच्या वरच्या टप्प्यात असेल, तर लाखभर कर बसेल.

आणि त्या गुरुवारच्या रिक्षेचे पैसे त्या तुमच्याकडे मागतात का, ते बघा. मागत असतील तर आधी ते थांबवा.

रविवारी सांगलीला येताय म्हणता. बँक बंद असेल. पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी या, आईंना बरोबर घ्या, आणि काउंटरवर त्यांना बोलू द्या.