योगनिद्रा करताना झोप लागते, तर ती झाली असं म्हणायचं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की ऑडिओ लावल्यावर दहा मिनिटांत डोळा लागतो आणि जाग येते ती शेवटच्या 'हरि ॐ'ला. ती झोप झाली. योगनिद्रा म्हणजे पडून, सूचना ऐकत घेतलेली विश्रांती; तिच्यात शरीर झोपेत असल्यासारखं सैल पडतं, पण कान जागे असतात.

नाव जुनं आहे, शेषशायी विष्णूच्या निद्रेलाही योगनिद्राच म्हणतात. आज शिकवतात ती पद्धत मात्र विसाव्या शतकातली. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी ती बसवली आणि बिहारमधल्या मुंगेरच्या योगविद्यालयातून ती सगळीकडे पोचली. मूळ आहे तंत्रातला न्यास, म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करणं. पूजेआधी 'अंगुष्ठाभ्यां नमः, तर्जनीभ्यां नमः' करतात तो. रामरक्षेतही 'शिरो मे राघवः पातु' पासून पायांपर्यंत एकेक अवयव येतोच की! सत्यानंदांनी त्यातले मंत्र आणि स्पर्श काढले. अवयवाचं नाव आणि त्यावर जाणारं लक्ष, एवढंच ठेवलं.

शवासनात पडा, पायांत फूटभर अंतर, तळवे वर. अंग थंड पडतं म्हणून पातळ पांघरूण घ्या. कंबर धरत असेल तर गुडघ्यांखाली लोड ठेवा. एकदा स्थिर झालात की हलायचं नाही. मग संकल्प: एकच छोटं, होकारार्थी वाक्य, मनात तीनदा. दर आठवड्याला ते बदलू नका.

पुढचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. उजव्या हाताचा अंगठा, दुसरं बोट, तिसरं, चौथं, करंगळी, तळवा, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, टाच, पायाची बोटं; मग डावी बाजू, पाठ, चेहरा, पोट. सुरुवात हातापासून, कारण मेंदूत हाताच्या बोटांनी त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा व्यापलेली असते. नाव ऐकलं की त्या जागी लक्ष न्यायचं आणि लगेच पुढे. अवयव ताणून सैल करायचा नाही, तिथे रेंगाळायचंही नाही. वेग साधारण सेकंदाला एक अवयव. बरेच ऑडिओ इथेच फसतात: दोन नावांत मोठी पोकळी, मागे पाण्याचा खळखळाट, मग झोप येणारच.

त्यानंतर श्वास मोजणं, २७ पासून १ पर्यंत उलटे. आकडा चुकला की पुन्हा २७. मग जड-हलकं, थंड-गरम अशा जोड्या अनुभवणं, भराभर येणारी चित्रं, पुन्हा तोच संकल्प, आणि सावकाश कुशीवर वळून उठणं. सगळं मिळून २० ते ३० मिनिटं.

तुमची झोप टाळायला आधी पलंग सोडा, जमिनीवर सतरंजी घाला. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. खोलीत पूर्ण अंधार नको. सूचना स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केल्या तर वेग हातात राहतो. तरीही आठवडाभर झोपच लागत असेल, तर बहुधा रात्रीची झोप अपुरी आहे. आधी ती वाढवा. 'एक तास योगनिद्रा म्हणजे चार तास झोप' या हिशेबावर विसंबून झोप कापणं मला अजिबात पटत नाही.

जुना मानसिक आघात असेल किंवा भास होत असतील, तर हे एकट्याने ऑडिओ लावून करू नका. डॉक्टरांशी बोलून जाणत्या शिक्षकासमोर करा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं न पडता डाव्या कुशीवर करावी, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन.