पोर्ट उघडतो, एरर नाही, तरी सेन्सर गप्प

प्रश्न : अळिंबीच्या शेडमधला कार्बन डायऑक्साइड मोजायला एमएच-झेड१९बी सेन्सर रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला जोडला होता. पायथॉन २ मधला प्रोग्रॅम व्यवस्थित चालायचा. आता बोर्ड पाय ५ आहे, कोड पायथॉन ३ साठी बदलला, वायरी त्याच पिनांवर आहेत. एरर येत नाही, पण एकही बाइट हाती लागत नाही. सेन्सर जळाला का?

उत्तर : ती शक्यता सगळ्यात शेवटी तपासा. नवा सेन्सर इतक्यात मागवू नका.

तुमच्या कोडमध्ये पोर्टचं नाव ‘सीरियल०’ असणार. पाय ३ वर तो ८ आणि १० नंबरच्या पिनांवर यायचा. पाय ५ वर हेच नाव ‘टीटीवायएएमए१०’ कडे, म्हणजे दोन मायक्रो एचडीएमआयच्या मधल्या तीन पिनांच्या डीबग कनेक्टरकडे जातं. पोर्ट खरोखर अस्तित्वात असल्याने एरर येत नाही. कमांड मात्र भलतीकडेच जाते. बूट/फर्मवेअर फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘डीटीपॅराम=यूएआरटी०=ऑन’ ही ओळ टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत), बोर्ड रीस्टार्ट करा आणि कोडमध्ये ‘टीटीवायएएमए०’ लिहा. सीरियलवरचं लॉगिन कन्सोल चालू असेल तर तेही बंद करा.

मग सेन्सरच्या दोन्ही सिग्नल वायरी काढून ८ आणि १० नंबरच्या पिना एका जंपरने जोडा. पाठवलेली अक्षरं जशीच्या तशी परत आली, तर बोर्डाची बाजू ठीक. ही चाचणी अजिबात टाळू नका. इथे पाच मिनिटं घातली की पुढचा शोध निम्म्यावर येतो. फक्त चुकलेला बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) यात पकडला जात नाही, कारण दोन्ही टोकं एकाच पोर्टची. सेन्सरसाठी तो ९६०० हवा.

खरी मेख बहुधा पुढे आहे. रीडिंग मागायची कमांड नऊ बाइटची, हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत : एफएफ ०१ ८६, मग पाच शून्य बाइट आणि शेवटी ७९. पायथॉन ३ मध्ये ती साध्या स्ट्रिंगमध्ये दिली की पायसीरियल लायब्ररी ‘एनकोड करा’, म्हणजे अक्षरांचे बाइट करून द्या, म्हणते. लोक बिनधास्त एनकोड जोडतात आणि एरर जाते. पण यूटीएफ-८ मध्ये (एनकोडची ठरलेली पद्धत) एफएफचे सी३ बीएफ होतात, ८६ चे सी२ ८६. नऊऐवजी अकरा बाइट जातात आणि सेन्सरला त्यातलं काही कळत नाही. स्ट्रिंगच्या आधी ‘बी’ अक्षर लावून थेट बाइट्स पाठवा, एनकोड काढून टाका.

एकाचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणारी पिन) आणि ग्राउंड सामाईक, हे पाहून घ्या. सप्लाय ५ व्होल्ट हवा, सिग्नल ३.३ व्होल्टचे असल्याने व्होल्टेज जुळवणारा लेव्हल कन्व्हर्टर लागत नाही. चालू केल्यावर पहिली तीन मिनिटं आकड्यांवर विसंबू नका.

प्रश्न : याच सेन्सरचं रीडिंग मधूनच एकदम २४,६४७ होतं. का?

उत्तर : एक बाइट निसटतो. उत्तर ‘एफएफ ८६ ०२ ६० ४७…’ असेल तर ०२ ६० म्हणजे हेक्समधून साध्या आकड्यांत ६०८ पीपीएम (दहा लाखांत ६०८ भाग). सुरुवातीचा एफएफ हुकला की कोड ६० ४७ वाचतो, तेच तुमचे २४,६४७. प्रत्येक कमांडआधी इनपुट बफर रिकामा करा, पहिले दोन बाइट एफएफ ८६ आहेत का बघा आणि चेकसम, म्हणजे चूक पकडायचा शेवटचा बाइट, ताळून घ्या : दुसऱ्या ते आठव्या बाइटची बेरीज, तिचा शेवटचा बाइट एफएफमधून वजा, अधिक १. या उदाहरणात, बाकीचे बाइट शून्य धरून, तो डी१ येतो. जुळला नाही तर ते रीडिंग सरळ टाकून द्या. सरासरीत घेतलंत तर रीडिंगवर चालणारा शेडचा फॅन असल्यास तो विनाकारण चालू होईल.