शब्दचर्चा : ‘डायव्हर्जन्स’साठी एकच मराठी शब्द असावा का?

प्रश्न : प्रकाशाच्या प्रकरणात आणि गणितात ‘डायव्हर्जन्स’साठी ‘अपसरण’ हा शब्द आढळतो, तर बातम्यांत त्याच शब्दाचा अनुवाद ‘मतभिन्नता’ असा केलेला दिसतो. सर्वत्र एकच प्रतिशब्द का वापरू नये? अन्य भाषांत काय करतात?

उत्तर : सर्वत्र एकच प्रतिशब्द वापरू नये, असे आमचे मत आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘वेगवेगळ्या दिशांना कलणे’ असा आहे आणि ‘अप’ हा उपसर्ग व ‘सृ’ हा धातू यांतून झालेला ‘अपसरण’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. अंतर्वक्र भिंगावर पडलेले समांतर किरण बाहेर पडताना एकमेकांपासून दूर पसरतात, म्हणून ते अपसारी भिंग. येथे शब्द चपखल बसतो. (विरुद्धार्थी ‘अभिसरण’ मात्र ‘रक्ताभिसरणा’मुळे मराठी कानाला फिरत राहण्याचा अर्थ सुचवते.)

गणितात अडचण येते. १ + १/२ + १/३ + … ही मालिका बेरीज करत गेल्यास कोणतीही मर्यादा ओलांडते, तेव्हा तिला अपसारी म्हणणे पटते. पण १ − १ + १ − १ … या मालिकेची बेरीज १ आणि ० यांच्यातच घुटमळते, कोठेही दूर जात नाही, तरी तीही अपसारीच, कारण येथे अर्थ केवळ ‘एका निश्चित संख्येकडे न जाणारी’ एवढाच उरतो. सदिश क्षेत्रातील (म्हणजे जेथे प्रत्येक बिंदूपाशी दिशा असलेली राशी असते, उदा. वाहत्या पाण्याचा वेग) अपसरण ही तर तिसरीच कल्पना : एखाद्या बिंदूपाशी दर एकक घनफळामागे निव्वळ किती प्रवाह बाहेर पडतो, याचे ते माप. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने याच राशीला उलट चिन्ह देऊन ‘कन्व्हर्जन्स’ म्हटले होते. आजचे नाव गणितज्ञ क्लिफर्डने १८७८ मध्ये रूढ केले.

फ्रेंच भाषा या सर्वांसाठी, मतभेदांसाठीसुद्धा, ‘दिव्हेर्जाँस’ हा एकच शब्द वापरते. रशियन भाषेत मालिकेसाठी ‘रास्खदीमोस्त’ हा स्वतःचा शब्द आहे आणि सदिश क्षेत्रासाठी व जीवशास्त्रासाठी उसना ‘दिव्हेर्गेन्त्सिया’. ही विभागणी आम्हांला अधिक शहाणपणाची वाटते.

मराठीतही शास्त्रात ‘अपसरण’, मतांबाबत ‘मतभिन्नता’ आणि आकड्यांबाबत ‘तफावत’ लिहावे. रस्त्यावरील ‘डायव्हर्जन’चा याच्याशी संबंध नाही, तो ‘वळवणे’ या अर्थाच्या निराळ्या लॅटिन धातूपासून आला आहे.